फ्रिज अख्खा परत घ्या : इंदूर जिल्ह्यातील नऊ आमदारांना खुले पत्र

प्रति,
इंदूर जिल्ह्यातून मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून गेलेले सर्व नऊ सदस्य

विषय : घरातले जुने फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन आणि टीव्ही परत घेण्यासाठी राज्याचा कायदा

सन्माननीय सदस्यहो,

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, ई-कचऱ्याबद्दल केंद्राचे नियम झाले, आपल्या शहरानं सहा तऱ्हांनी कचरा वेगळा करून साऱ्या देशाला दाखवला, आणि तरीही इंदुरातला जुना फ्रिज आजही कुठल्यातरी गल्लीत पालथा पाडून छिन्नी-हातोड्यानं फोडला जातो. केंद्र कारखानदाराला धरतं, महापालिका घरोघरचा कचरा उचलते. या दोघांच्या मध्ये जी जागा मोकळी राहिली आहे, ती राज्याची आहे. म्हणून हे पत्र महापौरांना नाही, खासदारांनाही नाही, आपल्याला.

हिंदी प्रत आपल्या कार्यालयांत वेगळी देतो आहे. ही मराठी प्रत आपल्या मराठी मतदारांसाठी. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, तिलक नगर इथल्या मंडळींनी ती वाचावी आणि आपापल्या आमदाराला गाठून जाब विचारावा, इतकाच हेतू.

मी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड शिकवून निवृत्त झालो. या शहरात एसी बसवायला, गॅस भरायला येणारी बरीच मुलं माझ्या हाताखालून गेलेली. ती भेटतात, बोलतात. त्यामुळे दारातून बाहेर पडलेल्या यंत्राचं पुढे काय होतं, हे मला घरबसल्या कळत राहतं. काही वेळा मुद्दाम उठून पाहूनही आलो आहे.

जुना फ्रिज कसा फोडतात ते आधी सांगतो, कारण सभागृहात बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते पाहिलं असेल. ठेल्यावरून उतरवला की तो पालथा पाडतात. पाठीला खाली काळा, जड कंप्रेसर असतो. त्याच्यातून निघणारी तांब्याची बारीक नळी पकडीनं चिमटून तोडली की फुस्स असा आवाज येतो, काही सेकंद टिकतो, थोडं तेल उडतं. गॅस गेला. मग नट खोलून कंप्रेसर काढायचा, उलटा धरून आतलं तेल मातीत ओतायचं, कटरनं त्याचं पोट चिरायचं आणि तांब्याचं वाइंडिंग उपटून काढायचं. हल्ली काही कंप्रेसरांत वाइंडिंग ॲल्युमिनियमचं निघतं, मग कंपनीच्या नावानं दोन शिव्या. दाराचं रबर, जाळ्या, काचेची फळी, थर्मोस्टॅट असं एकेक वेगळं होतं. शेवटी राहतो पत्रा. त्याला आतून पिवळसर फोम इतका घट्ट चिकटलेला असतो की तो खरवडूनच काढावा लागतो. हा फोम कोणी विकत घेत नाही. त्याचा चुरा वाऱ्यानं गल्लीभर पसरतो, उरलेला पोत्यात भरून रिकाम्या प्लॉटवर नाहीतर नाल्यात जातो, थंडीत शेकोटीतही जातो.

सगळी मेहनत तांब्यासाठी, पत्र्यासाठी. फ्रिजमधल्या ज्या दोन गोष्टींची आपण धास्ती घ्यायला हवी, गॅस आणि फोम, त्यांना बाजारात भाव नाही. म्हणून त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

आता गॅसबद्दल. भारतात क्लोरोफ्लुरोकार्बन गॅसचं उत्पादन 1 ऑगस्ट 2008 पासून बंद झालं, पण त्याआधीचे फ्रिज अजून घरांत आहेत, विशेषतः आपल्या मराठी घरांत. त्यांतल्या बऱ्याच जुन्यांत आर-12 हा त्याच जातीचा गॅस आहे. ओझोनच्या थराला तो खातोच, शिवाय एक किलो आर-12 हवेला जेवढा तापवतो तेवढं तापवायला सुमारे 10,900 किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. त्या काळच्या फ्रिजमध्ये नळ्यांतल्यापेक्षा जास्त क्लोरोफ्लुरोकार्बन भिंतीच्या फोममध्ये भरलेला असे, हे आमच्या ट्रेडमधल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. म्हणजे फोमचा चुरा करणं हेसुद्धा गॅस सोडणंच. नंतरच्या फ्रिजमध्ये आर-134ए हा गॅस आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या 1,430 पट. अलीकडचे फ्रिज बहुतेक आयसोब्युटेनवर चालतात. हवामानाच्या दृष्टीनं तो निरुपद्रवी, मात्र जळाऊ. कंप्रेसरवर पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र असतं. बिडी ओढत कटर चालवणाऱ्याला त्या चित्राचा अर्थ कोणी सांगितलेला नाही.

एसीचा हिशेब याहून मोठा आहे. पंधराएक वर्षांपूर्वी लावलेल्या दीड टनाच्या स्प्लिट एसीत साधारण एक किलो आर-22 गॅस असतो. तो हवेत सोडणं म्हणजे सुमारे 1,800 किलो कार्बन डायऑक्साइड सोडणं. एक लिटर पेट्रोल जाळलं की 2.3 किलो निघतो, म्हणजे पावणेआठशे लिटर पेट्रोल झालं. एवढं सगळं एक पाना फिरवून, दहा मिनिटांच्या आत. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. लोकांनी एसी घ्यावेत, इंदुरातला मे महिना मलाही सोसत नाही. पण नवा बसतो तेव्हा जुना उतरतो, आणि तो उतरवणारा मुलगा गॅस कुठे साठवणार? त्याच्याकडे रिकव्हरी मशीन, म्हणजे गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं यंत्र, नसतं. ते विकत घेणं त्याच्या आवाक्यात नाही, घेतलं तरी भरलेलं सिलिंडर द्यायचं कुठे हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. अमेरिकेत असा गॅस मुद्दाम हवेत सोडायला 1 जुलै 1992 पासून कायद्यानं मनाई आहे. आपल्याकडे एखाद्या घरगुती एसीचा गॅस सोडला म्हणून कुणाला दंड झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

टीव्ही आणि वॉशिंग मशीनवर लांबण लावत नाही. जुन्या डबा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये मागच्या नरसाळ्याच्या काचेत सुमारे पाचवा हिस्सा शिशाचं ऑक्साइड असतं. तांब्याची कॉइल काढून घेतली की काच फुटकी टाकून देतात. वॉशिंग मशीनचं मोटार आणि पत्रा जातो, काँक्रीटचं वजन गल्लीत उरतं.

तर मग केंद्राच्या नियमांचं काय झालं, असं आपण विचाराल. 2011, 2016 आणि मग 2022, असे तीनदा नियम झाले. आताचे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, त्यात 106 प्रकारची उपकरणं आहेत. नियम वाईट नाहीत, हे आधी मान्य करतो. जो कारखानदार माल विकतो त्यानं आयुष्य संपलेल्या मालाच्या ठरावीक हिश्शाचा पुनर्वापर झाल्याचा दाखला आणायचा : 2023-24 साठी 60 टक्के, 2025-26 साठी 70, 2027-28 पासून 80. दाखले देतो नोंदणीकृत पुनर्वापर कारखाना, आणि ते चार धातूंच्या नावानं निघतात : सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम.

खोच इथेच आहे. दाखला धातूचा. गॅसचा नाही, फोमचा नाही, काचेचा नाही. गल्लीत फुटलेल्या फ्रिजचा पत्रा हात बदलत बदलत शेवटी योग्य कारखान्यात पोचला तरी कागदावर सगळं ठीक दिसतं. दुसरी गोष्ट, 2016 च्या नियमांत दुकानदाराचं नाव होतं, संकलन केंद्राचं होतं, ग्राहकाकडून अनामत घेऊन ती परत करण्याची योजनाही होती. 2022 च्या नियमांत कारखानदार, उत्पादक, दुरुस्ती करून विकणारा, सुटं करणारा आणि पुनर्वापर करणारा यांच्यावर भार आहे. दुकानदार गायब. थोडक्यात, राजेंद्र नगरच्या तिसऱ्या मजल्यावरून बंद पडलेला फ्रिज उतरवून न्यायला यायलाच हवं असा, ज्याच्यावर कायद्याचं बंधन आहे असा, एकही माणूस आज नाही.

म्हणून अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, येतो. तो जिना चढतो, फ्रिज पाठीवर घेतो, वर काही शे रुपये हातावर ठेवतो. त्याला दोष द्यायची मला अजिबात इच्छा नाही. या सगळ्या साखळीत बोलावल्यावर येणारा तोच एक आहे.

महापालिकेच्या पिवळ्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे, तो चांगलाच आहे. चार्जर, रिमोट, जळलेला बल्ब त्यात जातो. फ्रिज जाणार नाही हे सांगायला नको. आणि मोठ्या दुकानांची एक्स्चेंज ऑफर? नवा टीव्ही घेताना एका दुकानाच्या डिलिव्हरीवाल्या मुलाला मी विचारलं, जुन्याचं काय करता? तो म्हणाला, ‘अंकल, गोडाउन जाएगा, फिर लॉट में निकल जाएगा.’ लॉटमध्ये म्हणजे बोलीवर, आणि बोली लावणारा कोण, तर पुन्हा तोच अटालेवाला, फक्त मोठा.

आता मुख्य मागणी.

या देशात एक जड, विषारी वस्तू अशी आहे जी लोक आपण होऊन दुकानात परत नेऊन देतात. इन्व्हर्टरची किंवा गाडीची बॅटरी. जुनी दिली की नवीची किंमत कमी होते, दुकानदार विचारतोच, ‘पुरानी लाए हो?’ 2001 च्या बॅटरी नियमांत विक्रेत्यानं जुनी बॅटरी परत घ्यायची असं लिहिलेलं होतं, आणि शिशाला भाव असल्यानं ते जमलंही. पुढे ते शिसं सगळं नीट जागी वितळतं असा माझा दावा नाही. मात्र वस्तू दुकानाकडे उलटी वाहू शकते, अख्खी, टोपणासकट, एवढं त्यातून सिद्ध झालं आहे. जी सवय बॅटरीला लागली ती फ्रिजला लावायची, यासाठी राज्याचा कायदा हवा.

त्या कायद्यात पहिलं कलम असं असावं : नवा फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन किंवा टीव्ही घरी पोचवणाऱ्यानं त्याच फेरीत जुना उचलायचा. फुकट. तो कोणत्या कंपनीचा आहे, चालू आहे की बंद, हे न विचारता. दुकान असो की ऑनलाइन विकणारी कंपनी, दोघांना सारखंच. उचलल्याची पावती द्यायची, आणि वस्तू नोंदणीकृत कारखान्यात पोचली की तिचा क्रमांक त्या पावतीला जोडायचा. दुकानदार म्हणतील, आमच्याकडे जागा नाही. महाराणी रोडवरच्या आठ फुटी दुकानाला खरंच नाही. पण कंपनीच्या डेपोतून माल घेऊन आलेला ट्रक परत जाताना रिकामा जातो. त्यात जुना माल चढवायला अडचण कोणती? ती जबाबदारी कंपनीवर टाका, दुकानदारावर फक्त स्वीकारण्याची.

दुसरं, पैसे. इथं घोळ घालू नये. जपानमध्ये एप्रिल 2001 पासून नेमक्या याच चार वस्तूंचा कायदा आहे : एसी, टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन. दुकानदारानं परत घ्यायचं, कारखानदारानं पुनर्वापर करायचा, आणि खर्च टाकून देणाऱ्या गिऱ्हाइकानं द्यायचा. तिथल्या शिस्तीतसुद्धा पैसे वाचवायला रानात टीव्ही टाकणारे निघालेच. आपल्याकडे टाकायचे पैसे मागितले तर कान्ह नदीचं काय होईल, हे मी सांगायला नको, आणि 2028 चा सिंहस्थ याच पाण्याच्या खालच्या अंगाला, उज्जैनला भरायचा आहे. कॅलिफोर्नियानं 2003 मध्ये कायदा करून 2005 पासून टीव्ही-मॉनिटरसारख्या स्क्रीनच्या वस्तूंवरचं पुनर्वापराचं शुल्क खरेदीच्या वेळीच घेतलं. मेन नावाच्या राज्यानं 2004 मध्ये घरगुती टीव्ही-मॉनिटरचा भार कारखानदारावर टाकला. अमेरिकेत त्या बाबतीत देशपातळीवर कायदाच नाही, राज्यांनी वाट न पाहता आपापले केले.

माझ्या मते आपल्याकडे अनामत चालेल. खरेदीच्या वेळी किमतीत एक रक्कम वेगळी दाखवायची, समजा हजार रुपये. वस्तू अख्खी परत आली की ती रक्कम आणून देणाऱ्याला मिळेल. मालकालाच असं नाही, आणून देईल त्याला. म्हणजे अटालेवाल्यालाही. अख्खी याचा अर्थ कायद्यात स्पष्ट लिहावा लागेल : कंप्रेसर जागेवर, नळ्या न कापलेल्या, दार लागलेलं, फोम शाबूत. कापलेली आणली तर भंगाराचा भाव घ्या आणि जा. फोडण्यापेक्षा न फोडण्यात जास्त पैसे मिळू लागले की पहारा ठेवायची गरज उरणार नाही. अटालेवाल्याला हिशेब आपल्यापेक्षा लवकर कळतो.

जो माल आधीच घरांत आहे त्यावर अनामत घेतलेली नाही. त्यासाठी सुरुवातीची काही वर्षं राज्याला पदरचे पैसे घालावे लागतील, हे लपवण्यात अर्थ नाही. पण सगळे नाही. केंद्रानं 2024 मध्ये अशा मालाच्या पुनर्वापरासाठी किलोमागे किमान 22 रुपये कंपन्यांनी मोजावेत असा दर बांधला. सॅमसंग, एलजी, डायकिन, व्होल्टास यांसारख्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, ते त्यांचं त्या पाहतील. ढोबळ हिशेब केला तर पन्नास किलोच्या फ्रिजमागे अकराशे रुपये होतात. यातले किती रुपये पाठीवर फ्रिज घेऊन जिना उतरणाऱ्यापर्यंत येतात? त्याला असा काही दर आहे हेच माहीत नाही. राज्याचा कायदा इथे हात घालू शकतो : मध्य प्रदेशात उचललेल्या वस्तूच्या दाखल्याच्या पैशातला ठरावीक भाग उचलणाऱ्याला मिळाल्याशिवाय राज्यातल्या कारखान्याची परवानगी पुढे चालू राहणार नाही.

नवं काही न घेता फक्त जुनं काढून टाकायचं असेल तर? आजी-आजोबा मुलाकडे पुण्याला गेले, घर रिकामं करायचं आहे, ही आपल्याकडची रोजची गोष्ट. यासाठी महापालिकेनं घरी येऊन उचलावं, आणि त्याला मुदत असावी. 2010 चा लोकसेवा हमी कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं. दाखला वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5,000 दंड आहे. त्या कायद्याखालच्या सेवांच्या यादीत हीही एक सेवा घाला. त्यासाठी वेगळा विभाग लागणार नाही, एक अधिसूचना पुरे.

गॅससाठी मात्र स्वतंत्र कलम लागेलच. सीलबंद नळी कापण्याआधी गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेणं बंधनकारक, आणि ते प्रमाणपत्र असलेल्या माणसानंच करायचं. हे ऐकून माझेच विद्यार्थी माझ्यावर उठतील, म्हणून त्यांची बाजू आधी. दिवसाला पाच एसी करणाऱ्या मुलाला मशीन लावून ताटकळत बसणं परवडत नाही, आणि गिऱ्हाईक त्या वेळेचे पैसे देत नाही. तेव्हा मशीन प्रत्येकाच्या डोक्यावर मारू नका. प्रत्येक झोनमध्ये भाड्यानं मिळेल अशी चार मशीन आणि भरलेलं सिलिंडर जमा करायला एक खिडकी, किलोमागे पैसे देणारी, एवढं करा. केंद्राच्या 2019 च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण देण्याचं म्हटलं होतं. प्रशिक्षण घेतलेल्या मुलाच्या हातात मशीन नसेल तर त्यानं ते प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं आणि पाना घेऊन कामाला जायचं, हेच चालू राहील.

फोडण्याचं काम ज्यांच्या पोटाचं आहे त्यांचं काय, हा प्रश्न आपल्याला कार्यकर्ते विचारतील, आणि विचारायलाच हवा. नव्या कायद्याचा पहिला दंडा नेहमी ठेल्यावर पडतो. तसं झालं तर माझा या कायद्याला विरोध राहील. 2022 च्याच नियमांत राज्याची दोन कर्तव्यं लिहून ठेवली आहेत : उद्योग विभागानं औद्योगिक वसाहतींत सुटं करण्याच्या आणि पुनर्वापराच्या कामाला जागा राखायची, आणि कामगार विभागानं या कामातल्या माणसांची नोंद करून, त्यांचे गट बांधून, त्यांना कौशल्य शिकवायचं, त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायचं. सांवेर रोडला किंवा पीथमपूरला अशी किती शेड राखली गेली, किती जणांची नोंद झाली, याचं उत्तर सभागृहाच्या पटलावर यायला हवं. तारांकित प्रश्न विचारायला कायदा लागत नाही, आपल्यापैकी एकानं पुढच्या अधिवेशनात तो टाकला तरी पुष्कळ.

दुरुस्तीवाल्यांनाही या कायद्याच्या जात्यात घालू नका. आपल्या घरांत फ्रिज मरत नाही, त्याची बदली होते. दिवाणखान्यातून मागच्या खोलीत, तिथून धाकट्या दिराकडे महूला, मग कामवाल्या बाईंकडे, आणि अगदीच बंद पडला तर गच्चीवर, पापड-कुरडया ठेवायचं कपाट म्हणून. माझ्या मावशीकडे केल्विनेटरचा एक आहे, त्यात दिवाळी अंक आहेत, वाळवी लागत नाही म्हणते. हे सगळं चांगलंच आहे. दहा वर्षं चालणारी वस्तू वीस वर्षं चालली तर नवी एक कमी बनते. तेव्हा जुनं घेऊन दुरुस्त करून विकणाऱ्या छोट्या दुकानांना साधी नोंदणी द्या, शुल्क नाममात्र ठेवा, आणि कंपन्यांना सुटे भाग विकायला भाग पाडा. एका सर्किट कार्डासाठी आख्खी वॉशिंग मशीन टाकून द्यावी लागते, हे मी गेल्या काही वर्षांत फार पाहतो आहे.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, हा तर केंद्राचा विषय. पर्यावरण संरक्षण कायदा 1986 चा, नियम त्याखालचे, राज्य काय करणार? दोन उत्तरं आहेत. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे घटनेनं राज्यांच्या यादीत ठेवलेले विषय आहेत. दुकानाला गुमास्ता परवाना देतं राज्य, महापालिका चालते ती राज्याच्या 1956 च्या अधिनियमावर. आणि याच विधानसभेनं जैव अनाश्य अपशिष्टांवर, म्हणजे न कुजणाऱ्या कचऱ्यावर, 2004 मध्ये कायदा केला, 2017 मध्ये त्याच्या आधारे प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या, तेव्हा कोणी दिल्लीकडे बोट दाखवलं नव्हतं. केंद्राच्या नियमांना छेद न देता त्यांच्या पुढे एक पाऊल टाकायला कुणाची हरकत नसावी.

दुसरं उत्तर जरा कडू आहे. तो 1986 चा कायदा आला कशामुळे? 1984 च्या डिसेंबरात भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यात जी वायुगळती झाली तिच्यामुळे. ज्या कायद्याखाली आज साऱ्या देशाचा ई-कचरा मोजला जातो, त्याची किंमत आपल्या राज्यानं मोजलेली आहे. त्या कारखान्यातला 337 टन कचरा तिथून हलायला चाळीस वर्षं लागली. जानेवारी 2025 च्या पहिल्या रात्री तो ट्रकांतून निघाला आणि आला कुठे, तर आपल्या शेजारी, पीथमपूरला. लोक रस्त्यावर उतरले, आपल्यापैकी काहींना त्यांची समजूत घालावी लागली असेल. तो कचरा जाळून संपला. पण वेळीच कोणाची जबाबदारी हे न ठरवलेल्या कचऱ्याचं पुढे काय होतं, हे इंदूर-धारच्या आमदाराला वेगळं समजावून द्यायला लागू नये.

इंदूर स्वच्छतेत 2017 पासून पहिलं आहे. देवगुराडियाचा डोंगराएवढा जुना कचरा साफ झाला, तिथे रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा कारखाना उभा राहिला, बाहेरची माणसं ते पाहायला येतात. हे महापालिकेनं केलं, सफाई कामगारांनी केलं, आणि घरोघरच्या बायकांनी सहा डब्यांत कचरा टाकायची कटकट सोसून केलं. विधानसभेला यात अजून काही करून दाखवायचं राहिलं आहे. नगरीय विकास खातं ज्यांच्याकडे आहे ते मंत्रीही याच शहरातून निवडून गेलेले आहेत, त्यामुळे भोपाळपर्यंत आवाज पोचणार नाही ही सबब आपल्याला नाही.

तेव्हा विनंती दोन. येत्या अधिवेशनात आपल्यापैकी एकानं उद्योग आणि कामगार विभागांना वर लिहिलेला प्रश्न विचारावा. आणि सरकारी विधेयक येत नसेल तर कोणीतरी अशासकीय विधेयक मांडावं, पक्ष कोणताही असो. कलमांचा कच्चा मसुदा मी आणि काही जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून केला आहे, हिंदीत, सहा पानी. वकिलाच्या नजरेखालून तो गेलेला नाही, भाषा मेकॅनिकांची आहे. हिंदी पत्रासोबत तो जोडला आहे. ज्यांना नळी कापणं आणि गॅस ओढून घेणं यातला फरक डोळ्यांनी पाहायचा असेल त्यांच्यासाठी एका मुलानं आपलं रिकव्हरी मशीन घेऊन यायची तयारी दाखवली आहे. आपल्या कार्यालयातला जुना एसी चालेल.

आपला,
सुदामा नगरचा एक मतदार
(निवृत्त आयटीआय शिक्षक)